इंदूरहून अमळनेर, भाड्याच्या मोटरहोमने

आधी निकाल सांगून टाकतो. गाडी म्हणून चांगली, घर म्हणून थंडीपुरती. होळीच्या सुमाराला खान्देशात आणायची असेल तर रात्रीच्या विजेचा बंदोबस्त आधी करा, मगच पैसे भरा. पाचपैकी साडेतीन गुण देतोय, आणि त्यातला एक अख्खा गुण नुसत्या संडासाचा आहे. हसू नका, पुढे वाचा.

मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त. मुलगा-सून इंदूरला नोकरीला. दरवर्षी होळीला ती मंडळी ट्रॅव्हल्सने अमळनेरला येतात. या वेळी आम्ही दोघं आधीच तिकडे होतो, तर सुनेने मोटरहोम भाड्याने घेण्याचं काढलं. वाटेत होळीआधीचा भोंगऱ्या बाजार बघता येईल, पोरांना मजा वाटेल आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम, असा तिचा हिशोब. मला विचारलं ते फक्त चालवणार का एवढंच. कंपनीचं नाव टाकत नाही. भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्या थोड्याफार फरकाने सारख्याच बांधलेल्या असतात, त्यामुळे नावापेक्षा आत काय बघायचं ते कळलेलं बरं.

गाडी फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. मागे आडवा पलंग, मधे समोरासमोर बाकं आणि त्यांच्यातलं टेबल खाली पाडलं की दुसरा पलंग. एका बाजूला ओटा, इंडक्शन, छोटा फ्रिज. दुसऱ्या बाजूला कपाटाएवढं न्हाणीघर. टपावर एसी आणि सौर पॅनल, तळाशी 100 लिटर पाण्याची टाकी, बाकाखाली 200 अँपियर-अवरची लिथियम बॅटरी. दिवसाचं भाडं 8,000 रुपये, डिझेल आपलं, अनामत वेगळी.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशाच गाड्यांसाठी, एआयएस-124 हे मानक आहे. आरसीवर वाहनाचा प्रकार तसाच लिहिलेला आहे का ते डोळ्यांनी बघा. नुसत्या टेम्पोत पलंग ठोकून दिलेल्या गाडीला अपघात झाला तर विमावाले सगळ्यात आधी तेच बघतील. लायसन्सची काळजी नको. 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. परमिट दोन्ही राज्यांत चालणारं हवं.

गाडी ताब्यात देताना कंपनीच्या पोराने पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. मी अर्धी सोडून द्यायला लावली. त्याला ते काही पटलं नाही. अरे बाबा, 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि टाकी कुठे, तर मागच्या चाकांच्याही मागे. पुढे दोन घाट उतरायचे. पाणी खलघाटला मिळतं, शिरपूरला मिळतं, मग ते विंध्याच्या डोक्यावरून खाली वाहून कशाला न्यायचं? या गाडीचा मागचा भाग चाकांच्या पुष्कळ बाहेर येतो. वळणावर पुढचं तोंड सुटलं तरी शेपूट बाहेरच्या कठड्याला किंवा मोटरसायकलवाल्याला लागू शकते. कार चालवणाऱ्याला हे कळायला वेळ लागतो. बस चालवलेल्याला ते हाडात असतं.

पहिली रात्र महूच्या पुढे, मुलाच्या मित्राच्या शेतावर. इंदूर-महूचा हा मुलूख साडेपाचशे मीटर उंचीवरचा. मालव्याच्या गार रात्रीचं कौतुक, शब-ए-मालवा, उगाच नाही. मार्च असूनही पहाटे गोधडी ओढावी लागली. पंखा सोडून काही लावलं नाही, सकाळी बॅटरी जवळपास भरलेली. सून खूष, पोरं खूष. मुलाने तर तिथेच मोबाइलवर पाच तारे देऊन टाकले. मी म्हटलं, थांब जरा, अजून तापी यायची आहे.

मानपूर सोडलं की विंध्याचा उतार लागतो. मी धुळे-इंदूर गाड्या नेल्या तेव्हा या रस्त्याला आग्रा रोडच म्हणायचे आणि कागदावर तो तीन नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता. आता त्याला 52 नंबर आहे. रस्ता रुंद झाला, उतार मात्र डोंगराचाच. ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे आम्हाला शिकवलेलं. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर हात वर करतात. या गाडीचं इंजिन उतारावर चांगलं धरून ठेवतं, त्याबद्दल पूर्ण गुण. स्टिअरिंग हलकं. ब्रेकला वास आला नाही.

आतल्या सुतारकामाला मात्र निम्मेच गुण. दुसऱ्या वळणाला ओट्याखालचा ड्रॉवर सुटला आणि बायकोचा दशम्यांचा डबा थेट न्हाणीघराच्या दारावर आपटला. मग ड्रॉवरला साडीची किनार बांधली, ती अमळनेरपर्यंत. आणखी एक. गाडी चालू असताना पोरं मागच्या पलंगावर लोळत जातात असे फोटो सगळीकडे दिसतात. आम्ही एकालाही पलंगावर बसू दिलं नाही. बाकांना पट्टे आहेत, ते बांधायचे.

खलघाटला नर्मदा. पुलाजवळ थांबलो, बायकोने हात जोडले, टाकीत पाणी भरलं आणि निघालो. इथपर्यंत आपण तीन-चारशे मीटर खाली आलेलो असतो आणि ते कातडीला कळतं. निमाडात शिरल्यावर पोरांनी स्वेटर काढले. जुलवानियाला टोप्या निघाल्या. सेंधव्याला सगळे घामाने निथळत होते आणि अकरासुद्धा वाजले नव्हते.

सेंधव्याच्या बाजूला भोंगऱ्या मिळाला. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, तिकडे बडवानी-खरगोन आणि इकडे शिरपूर, चोपडा, यावल पट्ट्यात, जिथे जिथे आठवडे बाजार भरतो तिथे तिथे तो भोंगऱ्याचा बाजार होतो. पावरा, बारेला, भिलाला मंडळी होळीची खरेदी करायला उतरतात. गूळ, डाळ्या, हारकंगन, बांगड्या, नवे कपडे. माणसाएवढे ढोल आणि बासऱ्या. शहरातले लोक याला पळून जाऊन लग्न करायची जत्रा म्हणतात आणि त्या समाजातली शिकलेली पोरं त्यावर चिडतात. त्यांचं बरोबर आहे. हा बाजार आहे, सणाचा बाजार. मोटरहोम मात्र अशा ठिकाणी निरुपयोगी. बाजाराच्या आसपास लावायला जागाच नसते, लांब लावून उन्हातून पायपीट करावी लागली. परत आलो तेव्हा आतल्या भिंतीवरचा काटा 43 दाखवत होता. बाहेर त्याच्यापेक्षा बरं होतं.

त्यानंतर बिजासन घाट, म्हणजे सातपुडा. वर बिजासनी मातेचं मंदिर, जाणारा-येणारा ट्रकवाला तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. आणि त्याच्या खालच्या वळणावर एक ट्रेलर आडवा पडलेला. रांग लागली. पुढे हलायला नाही, मागे वळायला नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि डोक्यावर भरदुपारचं ऊन.

आता त्या संडासाविषयी. या गाड्यांत कॅसेटचा संडास असतो. बैठकीच्या खाली 20 लिटरच्या आसपास मावेल असा बंद डबा, त्यात निळं रसायन टाकायचं, भरला की गाडीच्या बाहेरच्या झडपेतून ओढून काढायचा आणि संडासातच नेऊन रिकामा करायचा. निघताना माझ्या बायकोने त्याच्याकडे बघून नाक मुरडलं होतं. जिथे स्वयंपाक तिथेच हे? तिने त्या न्हाणीघरात जुन्या पातळाची पिशवी आणि कांदे ठेवले होते.

आमच्या पुढे एक लग्नाची टेम्पो-ट्रॅव्हलर होती आणि मागे खरगोनकडून आलेली एक खासगी बस. दोन तास झाले तशा बायका खाली उतरून इकडे-तिकडे बघायला लागल्या. पुरुषांचं काय, ते रस्त्याला पाठ करून मोकळे. सुनेच्या ते लक्षात आलं. तिने कांदे बाहेर काढले, दार उघडलं आणि लग्नाच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून वर घेतलं. मग नवरी. मग बसमधली पोटुशी बाई. मग रांगच लागली. माझी बायको दारात उभी राहून कागद आणि पाणी देत होती आणि कोणी लाजत असेल तर "या बाई, या, घरचंच आहे" म्हणत होती. सकाळपासून नाक मुरडणारी हीच ती.

इतकी वर्षं एसटी चालवली. चोपडा-पुणे, शिरपूर-मुंबई. बाया प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, हे मी आरशात बघितलेलं आहे. थांबा आला की पुरुष चहाला धावतात आणि बाया संडासाचं दार बघून परत येऊन बसतात. तक्रार करत नाहीत, कारण तक्रार कोणाकडे करणार? मी ड्रायव्हर, मी फार तर दहा मिनिटं जास्त थांबवू शकत होतो. तेवढं मी केलंय. पण गाडीतच स्वच्छ, कडी लागणारं दार असलं तर काय होतं ते त्या दिवशी घाटात बघितलं. म्हणून त्या एका गोष्टीला अख्खा गुण. टीव्ही, रंगीत दिवे, आवाजाने चालणारा पडदा यांना शून्य.

अर्थात 20 लिटरच्या डब्याला वऱ्हाड झेपणार नव्हतं. लाल दिवा लागला, पाणी संपत आलं आणि वाट मोकळी झाली ती अगदी वेळेवर. डबा पुढे शिरपूरजवळच्या पेट्रोल पंपावर परवानगी घेऊन त्यांच्या संडासात ओतला. मुलगा म्हणाला, बाबा, हे माझ्याने होणार नाही. मीच केलं. रबरी हातमोजे कंपनी देत नाही, आपले न्या. आणि कृपा करून हा डबा नाल्यात, शेताच्या बांधावर कुठेही उलटा करू नका. त्यातलं रसायन शेतात किंवा पाण्यात जाता कामा नये.

पळासनेर आलं, महाराष्ट्र लागला. इथून पुढचं माझं परीक्षण जरा कडक आहे, कारण इथून पुढे गाडीला घर व्हायचं होतं.

धाब्यावर निंबाखाली थांबलो. शेवभाजी फक्कड होती, वर तेलाचा लाल तवंग, भाकरी ज्वारीची. शेजारच्या खाटेवरचे एक बाबा गाडीला फेरी मारून आले आणि विचारते झाले, "हाई घर शे का गाडी?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. आत एसी लावून पोरांना झोपवावं म्हणून धाब्यावाल्याकडून वायर घेतली. एसीने धक्का दिला आणि धाब्याचा पंखा, फ्रिज, सगळं बंद. साधी गोष्ट आहे. त्याचा प्लग 5 अँपियरचा. 230 व्होल्टला 5 अँपियर म्हणजे 1,150 वॉट. आमचा एसी एकटा 1,200 मागतो, शिवाय वायर लावल्याबरोबर बॅटरीचा चार्जरही ओढायला लागतो. त्यामुळे 15 अँपियरचं मोठ्या पिनांचं सॉकेट असेल तिथेच ही गाडी थंड होते. कंपनीने हे सांगायला हवं होतं. त्यांच्या पत्रकात "कुठेही थांबा, एसीत झोपा" असं छापलंय.

बॅटरीवर चालव म्हणाल, तर तोही हिशोब करून बघा. 200 अँपियर-अवर गुणिले 12 व्होल्ट, झाले 2,400 वॉट-अवर. 1,200 वॉटचा एसी कागदावर दोन तास. इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो, म्हणजे दोन तासांच्या आतच खेळ खलास. टपावरची सौर पॅनल 300 वॉटची. ऐन दुपारीसुद्धा ती एसीच्या भुकेचा चौथा हिस्सा कशीबशी देतात. त्यात गंमत अशी की सावलीत लावली की सौर बंद, आणि उन्हात लावली की माणसं बंद. पुढच्या केबिनचा एसी इंजिनवर चालतो, तो मागच्या पलंगापर्यंत पोचत नाही. खिडक्यांच्या काचा एकेरी. टपाच्या आत थर आहे म्हणतात, पण हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखं लागत होतं. आणि नळ उघडला की निळ्या बाजूनेही गरम पाणीच. गिझर दिलाय. खान्देशात मार्चमध्ये गिझर!

सावळदेच्या पुलावरून तापी बघून परत फिरलो आणि चोपड्याच्या रस्त्याला लागलो. मुक्काम मेव्हण्याच्या मळ्यात, तिथे पंपाच्या खोलीत मोठं सॉकेट आहे. पण शेतीची वीज ती शेतीची वीज. ती येते तिच्या वेळेला, आणि आली तरी आसपासचे सगळे पंप एकदम सुरू झाले की दाब खाली बसतो. एसीच्या पडद्यावर कमी व्होल्टेजची खूण यायची आणि तो मान टाकायचा. रात्री अकराला बायकोने निर्णय दिला. पोरांसकट सगळे अंगणात खाटा टाकून झोपले. 8,000 रुपये भाड्याच्या घरात त्या रात्री एकटा मी झोपलो, तोसुद्धा दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून, गाडी राखायला.

ओट्याबद्दल सून जास्त सांगेल, पण मी बघितलं ते असं. इंडक्शनवर चहा, पोहे, कुकर ठीक. भाकरी होत नाही, कारण ती शेकायला जाळ लागतो. आमच्या घरचा तवा लोखंडी म्हणून तापला तरी, मातीचं खापर तर तापतच नाही. भरीत तर विसराच. मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली आणि मोटरहोमचा उपयोग कांद्याची पात चिरायला टेबल म्हणून झाला. इंडक्शनही बॅटरीतून भरपूर ओढतं, म्हणजे स्वयंपाक केला की पंख्याला कमी पडतं.

अमळनेरला आणल्यावर पुन्हा उंचीचा प्रश्न. एसी धरून गाडी तीन मीटरच्या पुढे जाते आणि आमच्या गल्लीत केबलच्या वायरी त्याच्याही खाली लोंबतात. शेजारचा पोरगा बांबू घेऊन पुढे, मी पहिल्या गिअरमध्ये मागे. घराच्या एसीच्या सॉकेटवरून वायर टाकली तेव्हा कुठे गाडी खऱ्या अर्थाने थंड झाली. दोन्ही रात्री गल्लीतली निम्मी पोरं त्यात होती.

तर घ्यावी का? डिसेंबर-जानेवारीत जरूर घ्या. धुळ्याची थंडी तेव्हा महाराष्ट्रात गाजत असते, दिवसा ऊन मऊ असतं, एसी लागतच नाही, आणि मग हीच गाडी राजेशाही. सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा त्याच दिवसांत असते, प्रकाशाला तापीकाठी मुक्काम करता येईल. तोरणमाळला मात्र नेऊ नका. घाटाची वळणं अशी आहेत की एवढ्या लांब शेपटीच्या गाडीने तिथे दोन-दोनदा मागे-पुढे करावं लागेल आणि मागून येणारी जीप तुमची वाट बघणार नाही. घरात म्हातारं माणूस, गुडघेदुखी, लहान मूल, गरोदर बाई असेल तर संडासासाठी म्हणून कुठल्याही महिन्यात विचार करा. फक्त रात्री घराच्या किंवा हॉटेलच्या मोठ्या सॉकेटला जोडता येईल अशीच ठिकाणं ठरवा. एसीचे वॉट, बॅटरीचे अँपियर-अवर आणि सोबत किती मीटरची वायर देतात, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. पलंग किती आहेत ते ते स्वतःहून सांगतीलच.

परत द्यायला मी आणि मुलगा रातोरात गेलो, रिकामी गाडी घेऊन. सातपुडा चढताना तिसऱ्या गिअरला कुरकुरली नाही. डिझेलला येताना लिटरमागे साडेआठ, जाताना साडेनऊ किलोमीटर पडलं. अनामतीतून 1,500 रुपये कापले, संडासाचा वापर ठरल्यापेक्षा जास्त झाला म्हणून. मुलगा भांडायला लागला होता. सुनेने फोनवर सांगितलं, देऊन टाका. ड्रॉवरच्या कडीबद्दल त्यांनी वहीत लिहून घेतलं. पत्रकातली ती "कुठेही थांबा" वाली ओळ काढा असंही मी सांगून आलो, त्यावर ते काही बोलले नाहीत.